बातमी, कादंबरी आणि स्मरण

अभिजात कादंबरीतील एखादा प्रसंग वृत्तपत्रीय बातमीच्या रूपात पुन्हा सांगण्याचा प्रयोग बहुधा विडंबन म्हणूनच पाहिला जातो. बातमी कोरडी आणि कादंबरी भावपूर्ण. एकीला दुसरीचा वेश चढवला की हसू येते, एवढेच त्याचे प्रयोजन मानले जाते. हे आकलन अपुरे आहे. अशा रूपांतरात नेमके काय गळून पडते, हे पाहू लागलो की हाच प्रयोग समीक्षेचे साधन ठरतो.

टॉलस्टॉयच्या 'अ‍ॅना कारेनिना'चे उदाहरण घेऊ. या कादंबरीमागे एक प्रत्यक्ष घटना आहे. जानेवारी १८७२ मध्ये टॉलस्टॉयच्या शेजारच्या जमीनदाराशी संबंध असलेल्या अ‍ॅना पिरोगोवा या स्त्रीने रेल्वेखाली जीव दिला. तिचे शव टॉलस्टॉयने पाहिले होते. कादंबरीतील अ‍ॅनाच्या मृत्यूची बातमी करायची तर ती अशी होईल : 'रेल्वेखाली सापडून महिलेचा मृत्यू, कारण अस्पष्ट.' यात असत्य काहीच नाही. परंतु कादंबरीत हा रेल्वेखालचा दुसरा मृत्यू आहे. पहिला, रेल्वेच्या पहारेकऱ्याचा, आरंभीच येतो, आणि टॉलस्टॉय तो जवळजवळ बातमीसारखाच सांगतो. मृताला नाव नाही. तो दारू प्यायला होता, की थंडीमुळे कान गुंडाळलेले असल्याने त्याला गाडीचा आवाज आला नाही, हे अनिर्णीतच राहते. म्हणजे बातमीची निवेदनरीती कादंबरीला परकी नाही. कादंबरी ती पोटात घेते. फरक पडतो तो पुढे. अखेरच्या क्षणी अ‍ॅनाला तो चिरडलेला माणूस आठवतो आणि काय करायचे ते तिला उमगते. बातमी दुसऱ्या दिवशी शिळी होते. इथे ती शेकडो पानांनंतर परतून येते. बातमी ज्याला 'कारण' म्हणते ते कादंबरीत कोणत्याही एका विधानात नसते. ते या दोन मृत्यूंमधील अंतरात साठत गेलेले असते.

या कादंबरीच्या वाट्याला असे रूपांतर प्रत्यक्षातही आले. सर्बियाला जाणाऱ्या रशियन स्वयंसेवकांविषयी टॉलस्टॉयने मांडलेली मते 'रूस्की वेस्तनिक'चे संपादक काटकोव्ह यांना मान्य नव्हती. म्हणून १८७७ मध्ये त्यांनी शेवटचा, आठवा भाग छापला नाही. नायिकेच्या मृत्यूने कादंबरी संपलीच आहे असे सांगून, उरलेल्या भागाचा सारांश एका छोट्या निवेदनात दिला. व्हरॉन्स्की सर्बियाला जातो, लेव्हिन आपल्या गावीच राहतो, ही त्यातील माहिती बरोबरच होती. हरवला तो लेव्हिनचा आत्मसंघर्ष. टॉलस्टॉयला तो भाग स्वतंत्रपणे प्रसिद्ध करावा लागला.

तेव्हा बातमीचे रूप तटस्थ असते, हा समज सोडावा लागेल. काय वगळायचे याचा निर्णय त्या रूपातच दडलेला असतो, आणि त्या निर्णयामागचा निवेदक मात्र कुठे दिसत नाही. कादंबरीचा प्रसंग बातमीत उतरवून पाहिला की हा अदृश्य निवेदक पकडता येतो. हे या प्रयोगाचे खरे मोल होय.