राष्ट्रहिताची कसोटी आणि जिल्ह्याचा प्रश्न : धनसर निर्णयाची चिकित्सा

प्रस्तावना :
अमेरिकेच्या १९९० च्या स्थलांतर कायद्यानुसार उच्च पदवीधर अथवा असाधारण क्षमतेच्या परदेशी व्यक्तीस नोकरीचा प्रस्ताव आणि श्रम खात्याचे प्रमाणपत्र या अटींतून राष्ट्रहितार्थ सूट मिळू शकते. असा अर्ज संशोधक स्वतःच करू शकतो. त्यासाठी मालकाची गरज नसते. मात्र ‘राष्ट्रहित’ या शब्दाची व्याख्या कायद्यात नाही. ती उणीव १९९८ च्या न्यूयॉर्क राज्य परिवहन विभाग प्रकरणातील निर्णयाने आणि तो रद्द करणाऱ्या २०१६ च्या धनसर निर्णयाने भरून काढली. यवतमाळसारख्या कापूसपट्ट्यातील संशोधनाच्या संदर्भात या कसोटीचे मूल्यमापन करणे उद्बोधक ठरते.

कसोटीचे स्वरूप :
धनसर निर्णयाने तीन निकष घालून दिले. नियोजित कार्यास भरीव गुणवत्ता व राष्ट्रीय महत्त्व असावे. ते पुढे नेण्यास अर्जदार सुस्थितीत असावा. आणि सर्व बाजूंचा विचार करता अटी शिथिल करणे देशास लाभदायक ठरावे. पदवी, शोधनिबंध, इतरांनी घेतलेली त्यांची दखल, पेटंट, अनुदान, तज्ज्ञांची पत्रे ही सारी सामग्री मुख्यतः दुसऱ्या निकषासाठी उपयोगी पडते. पहिला निकष व्यक्तीचा नसून कार्याचा आहे. गुणवंत संशोधकाचाही अर्ज फेटाळला जातो तो पुष्कळदा या भेदाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे.

जुन्या निर्णयात कार्याची व्याप्ती देशव्यापी असण्याची अपेक्षा होती. नव्या निर्णयाने भूगोलाची ही अट सैल केली. एका प्रदेशापुरते कार्यही व्यापक परिणामांमुळे राष्ट्रीय महत्त्वाचे ठरू शकते, ही त्याची जमेची बाजू होय. परंतु याच निर्णयात अर्जदाराचे प्रणोदनविषयक संशोधन राष्ट्रीय महत्त्वाचे मानले गेले आणि अध्यापन मात्र नाही. कारण वर्गातील शिकवण्याचा प्रभाव त्या वर्गापलीकडे जात असल्याचे सिद्ध झाले नाही. प्राध्यापक वर्गाने या भागाची विशेष दखल घेणे आवश्यक आहे.

यवतमाळचा संदर्भ :
२०१७ च्या खरीप हंगामात विदर्भात बीटी कपाशीवर गुलाबी बोंडअळीचा मोठा प्रादुर्भाव झाला. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशक फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. पुढच्याच वर्षी, २०१८ मध्ये, अमेरिकेने आपल्या कापूस क्षेत्रातून हीच अळी हद्दपार झाल्याचे जाहीर केले. वंध्य पतंग सोडणे, बीटी वाण आणि गंधसापळे यांच्या एकत्रित वापराने ते साधले होते. अळी एकच, मात्र यवतमाळात ती जगण्यामरण्याचा प्रश्न, तर तिकडे पुनरागमन रोखण्याचा विषय. बोंडअळीच्या अभ्यासकास सुटीसाठी अर्ज करताना आपले कार्य प्रतिकारशक्तीचे शास्त्र किंवा सीमेवरील कीडनियंत्रण या परिभाषेत मांडावे लागेल. हातात फवारणीचा पंप घेतलेला मजूर त्या मांडणीत उरेलच असे नाही.

कसोटीची खरी मर्यादा येथे आहे. तिने भूगोलाची अट काढली, पण ‘कोणाचे हित’ हा प्रश्न तसाच राहिला. उलट, डॉक्टरांसाठीच्या स्वतंत्र तरतुदीत वैद्यकीय सेवेची टंचाई असलेल्या भागात ५ वर्षे पूर्णवेळ काम करण्याची अट आहे. तेथे उपेक्षित परिसराची गरज हेच राष्ट्रहित ठरते. संशोधकासाठी असा धागा नाही. शिवाय अर्ज मंजूर झाला तरी कायम वास्तव्य लगेच मिळत नाही. देशनिहाय ७ टक्क्यांच्या मर्यादेमुळे या वर्गातील भारतीयांची प्रतीक्षा दशकाहून अधिक लांबली आहे.

आपल्याकडील व्यवस्था :
तथापि दोष केवळ परक्या कसोटीला देता येणार नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने शैक्षणिक कामगिरी निर्देशांक आणला आणि शोधनिबंधांची संख्या गुणांत रूपांतरित झाली. २०१८ मध्ये पद्धत बदलली. मोजदाद मात्र संपली नाही. धनसर निर्णय निदान एवढे तरी विचारतो की, हे कार्य पुढे कोणाच्या उपयोगी पडेल? ज्या निबंधाची दखल कोणी घेतली नाही, तो तेथे संख्येने तरत नाही. पदोन्नतीच्या अर्जात हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

निष्कर्ष :
राष्ट्रहितार्थ सूट इच्छिणाऱ्या संशोधकाने पूर्वकर्तृत्वाच्या यादीपेक्षा पुढील कार्याचा नेमका आराखडा, त्याचा व्यापक परिणाम व त्याचे पुरावे यांवर भर द्यावा, हे धनसर निर्णयातून स्पष्ट होते. मात्र ही सूट म्हणजे संशोधनाच्या मूल्याचा निवाडा नव्हे. एका राष्ट्राने स्वतःच्या गरजेपुरती लावलेली ती चाळणी आहे. त्या चाळणीतून जे निसटते, त्या यवतमाळच्या प्रश्नांची राष्ट्रीय महत्त्वाचे म्हणून नोंद घेणे हे येथील महाविद्यालये आणि विद्यापीठे यांचेच काम आहे. ती नोंद येथे होत नसेल, तर परदेशी जाणाऱ्या संशोधकास दोष देण्याचा अधिकारही त्यांना फारसा उरत नाही.