जपानी प्रणयकथांतील ठरलेली वळणे

गेल्या पावसाळ्यात पहूर येथे आमच्या भगिनीच्या घरी तीन आठवडे राहण्याचा योग आम्हांस आला. पाचोरा-जामनेर ही छोटी गाडी पहुरावरून जात असे, त्या दिवसांत आम्ही हा प्रवास पुष्कळ वेळा केला होता. गाडी इतकी सावकाश चाले, की पाचोऱ्यास फडक्यांची कादंबरी उघडावी आणि पहूर येईतो नायक-नायिकेचा पहिला गैरसमज होऊन गेलेला असावा. सन 2020 मध्ये ती गाडी थांबली, आणि या खेपेस आम्ही मोटारीने गेलो. कादंबरी पिशवीतच राहिली. मात्र घरी पोहोचताच दिसले, की नायक-नायिकेचे गैरसमज आमच्या आधीच तेथे येऊन बसले आहेत. आमची भाची महाविद्यालयात शिकते. ती ओसरीवर बसून मोबाईलच्या पडद्यावर जपानी चित्रकथा वाचीत होती, आणि त्याही उजवीकडून डावीकडे!

या चित्रकथांस जपानात मांगा म्हणतात. त्यांपैकी प्रणयाच्या कथांचा एक मोठा वर्ग आहे व त्यांचे इंग्रजी अनुवाद आपल्याकडील तरुण मंडळी आवडीने वाचतात. आमच्या मेहुण्यांचे मत असे पडले, की या साऱ्या गोष्टी एकाच साच्यातल्या असून एक वाचली म्हणजे शंभर वाचल्यासारखेच आहे. आपण टीकाकार म्हणवता, तर मुलीच्या या वेडाचा एकदा निकाल लावून टाका. निकाल लावावयाचा तर पुरावा वाचणे प्राप्त होते. पाऊसही बरा होता. आम्ही वाचावयास बसलो.

मेहुण्यांचे अर्धे म्हणणे तर पहिल्या चार दिवसांतच खरे ठरले. शाळेत नवा विद्यार्थी येतो, आणि रिकामी जागा नेमकी नायिकेच्या शेजारचीच असते. पाऊस येतो आणि दोघांत छत्री एकच असते. जपानात एका छत्रीखाली दोन नावे लिहिणे ही प्रेमाची खूणच आहे. एकास ताप येतो, दुसरे त्याच्या घरी पेज घेऊन जाते. उन्हाळ्यातील जत्रेत शोभेचे दारूकाम चालले असता नायक काही महत्त्वाचे बोलतो आणि नेमक्या त्याच क्षणी बाण फुटून त्याचे शब्द ऐकू येत नाहीत. 14 फेब्रुवारीस मुली चॉकलेट देतात, 14 मार्चला मुलगे त्याची परतफेड करतात, आणि या एका महिन्यात जेवढ्या शंका माणसाच्या मनात येऊ शकतात तेवढ्या सर्व येतात. बालपणापासूनचा मित्र असेल तर तो बहुतेक हरणारच. पाचव्या दिवशी आम्ही पान उलटण्यापूर्वी पुढे काय होणार ते सांगू लागलो, आणि दहापैकी नऊ वेळा खरे सांगू लागलो. भाची हसून म्हणाली, "मामा, ते मलाही माहीत असतं. म्हणून तर वाचते."

या उत्तराने आम्हांस थोडे थांबविले. पुढे काय होणार हे ठाऊक असूनही वाचणे हा काही नव्या पिढीचा शोध नव्हे. भरताने नाट्यशास्त्रात नायिकांच्या आठ अवस्था सांगितल्या. प्रियकराची वाट पाहणारी, त्याच्याशी भांडून मग पस्तावणारी, तो परगावी गेल्याने एकटी पडलेली, अशा त्या अवस्था पुढे शतकानुशतके कवींनी व चित्रकारांनी वापरल्या. त्या ठरलेल्या आहेत म्हणून कोणी कवीस हिणवले नाही. देवलांच्या 'संशयकल्लोळ' नाटकाचा सारा डोलारा एका तसबिरीवर उभा आहे. ती भलत्याच्या हाती पडते, आणि पुढचा घोटाळा प्रेक्षकांस आधीच दिसत असतो; पात्रांस तो दिसत नाही, यातच मौज आहे. फार कशाला, जी वाघूर पहुरास वळसा घालून जाते तिच्याच वरच्या अंगाला अजिंठ्याची लेणी आहेत. तेथील सोळाव्या लेण्यात नंदाची कथा चित्रित केली आहे. बुद्धाचा हा सावत्र भाऊ नवपरिणीत पत्नीस सोडून भिक्षु झाला, आणि ते वर्तमान कळताच कोसळलेली सुंदरी ज्या चित्रात दाखविली आहे असे मानतात, ते चित्र 'मरणोन्मुख राजकन्या' या नावाने जगप्रसिद्ध आहे. अश्वघोषाच्या 'सौंदरनंद' काव्यात ती नंदास अट घालते, की माझ्या मुखावरील ओली पत्रलेखा सुकण्यापूर्वी परत ये. 'लवकर येतो' असे सांगून गेलेला नायक येत नाही, हे वळण मांगात आम्ही मोजून सात वेळा पाहिले. ते सोळाशे वर्षांहून जुने आहे.

म्हणून साचा आहे एवढ्यावरून निकाल लागत नाही. वृत्त ठरलेले असते म्हणून श्लोक वाईट होत नाही. साच्यात काय ओतले आहे ते पाहिले पाहिजे. त्यातही एक वळण असे आहे, की ज्यासाठी बाकीची सर्व वळणे जणू वाट झाडून ठेवतात. ते म्हणजे कबुली.

जपानी शालेय प्रणयकथेत दोघांनी एकमेकांवर प्रेम करणे पुरेसे नसते. कोणीतरी एकाने दुसऱ्यासमोर उभे राहून 'तू मला आवडतेस' किंवा 'आवडतोस' हे उच्चारावे लागते, आणि उत्तर येईपर्यंत थांबावे लागते. तोपर्यंत काहीच घडलेले नसते. कारुहो शीना या लेखिकेची 'किमी नि तोदोके' ही मालिका 2017 साली पूर्ण झाली. तिचे तीस भाग आहेत. सावाको ही तिची नायिका अबोल, लांब काळ्या केसांची. एका भुताच्या चित्रपटातील मुलीसारखी दिसते म्हणून वर्गातील मुले तिला भितात. काझेहाया या सर्वांच्या आवडत्या मुलास ती आवडते हे वाचकास पहिल्या भागातच कळते. त्या दोघांस ते एकमेकांस सांगता येण्यास मात्र अनेक भाग लागतात. आमच्या मेहुण्यांनी मध्येच डोकावून विचारले, की इतका वेळ ही मुले करतात तरी काय? प्रश्न योग्य आहे, आणि मधले दोन-तीन भाग खरोखरीच पाणी घालून वाढविलेले आहेत. परंतु उरलेला वेळ सावाको बोलावयास शिकते. मैत्रिणींशी, शेजारच्या बाकाशी, स्वतःशी. तिचा अडथळा बाहेर कोठे नाही, तिच्या जिभेवर आहे.

या मालिकेत कुरुमी नावाची एक मुलगी आहे. तिचेही काझेहायावर प्रेम असते, आणि त्यापायी ती सावाकोशी कपट करते. आपल्या नाटकांत अशा पात्राची शेवटी फजिती करून प्रेक्षकांस टाळ्या वाजवावयास लावतात. येथे कुरुमी काझेहायासमोर उभी राहून कबुली देते, तो नकार देतो, आणि लेखिका आपल्या साऱ्या रेषा त्या मुलीच्या पाठीशी उभ्या करते. नकार देणाराही तेथे हलका होत नाही आणि नकार घेणारीही. हे प्रकरण वाचून झाल्यावर भाची जे बोलली ते येथे नमूद करणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. ती म्हणाली, "मामा, यात मुलीला विचारतात. आणि ती नाही म्हणाली तर ते नाहीच असतं."

आम्ही ओसरीवर बसलो होतो. त्याच ओसरीवर चार महिन्यांपूर्वी पाहुणे येऊन पोहे खाऊन गेले होते, हे आम्हांस ठाऊक होते. मुलीस शिक्षण विचारले, रांधावयास येते का ते विचारले, आणि मुख्य प्रश्न तिच्या वडिलांस विचारला. तो संबंध पुढे जुळला नाही, त्याचे कारणही तिच्यापर्यंत वडिलांमार्फतच आले. आमच्या मेहुण्यांस कोणी कठोर समजू नये. ते मायाळू गृहस्थ आहेत आणि आपल्या वडिलांनी केले तेच ते करीत आहेत. पण ज्या मुलीस आयुष्यातील सर्वांत मोठा प्रश्न थेट विचारला गेला नाही, ती मुलगी तोच प्रश्न शंभर वेळा विचारला जाताना पाहण्यासाठी शंभर गोष्टी वाचते, यात साचेबंद रुचीचा दोष आम्हांस दिसेना. आणि ज्यांस पोह्यांची चाल जुनाट वाटते त्यांनी आपल्या चित्रपटांकडे पाहावे. तेथे नायक मुलीचा पाठलाग करतो, ती नाही म्हणते, तो गाणे म्हणतो, आणि तिसऱ्या कडव्यास ती होय म्हणते. तेथे मुलीस विचारतात खरे. परंतु नाही हे उत्तर मोजत नाहीत.

मांगाची सर्वच कथानके या बाबतीत निर्मळ आहेत असे मात्र मुळीच नाही. योको कामिओ हिची 'हाना योरी दांगो' ही मालिका 1992 पासून निघू लागली आणि आशियाभर गाजली. तिच्यातील श्रीमंत नायक आरंभी गरीब नायिकेचा सर्व शाळेकडून छळ करवितो, बळाचाही वापर करतो, आणि पुढे हेच त्याच्या उत्कट प्रेमाचे प्रास्ताविक ठरते. नायिका त्सुकुशी ही कणखर मुलगी आहे, ती त्याला ठोसाही मारते, म्हणून कथा वाचनीय होते. तथापि वाचनीय असणे निराळे आणि क्षम्य असणे निराळे. मुलीस भिंतीशी अडवून तिच्या कानाजवळ हात आपटणे हेही एक लोकप्रिय वळण आहे. भाचीस ते हास्यास्पद वाटते, हे ऐकून आम्हांस बरे वाटले.

दुसरी उणीव अधिक खोल आहे. यांतील बऱ्याच शालेय कथांत आईबाप दिसतच नाहीत. वडील परगावी नोकरीस, आई कामावर, आणि मुले सांजवेळी नदीकाठी एकटी. मराठी वाचकास हे परीकथेसारखे वाटते. आपल्याकडे नायक-नायिकेच्या मध्ये निदान दोन घराणी बसलेली असतात. नागराज मंजुळे यांच्या 'सैराट' (2016) या चित्रपटाच्या पूर्वार्धात विहीर आहे, चिठ्ठी आहे, चोरटे कटाक्ष आहेत, सारी ओळखीची वळणे आहेत. उत्तरार्धात घर आणि जात त्या वळणांवर चालून येतात, आणि शेवटी एक लहान मूल तेवढे उरते. किशोरांच्या मांगात हा शेवट संभवत नाही, कारण मारणारे हात त्या चित्रांच्या चौकटीतच नसतात. ज्या कथेतून घर वगळले आहे तीत कबुली सोपी होते, हे आमच्या तरुण वाचकांनी ध्यानात ठेवावे.

आता भाषेविषयी थोडे. कबुलीच्या खालोखाल या कथांत महत्त्वाचा प्रसंग म्हणजे नाव घेणे. जपानात मुले एकमेकांस आडनावाने हाक मारतात व त्यास आदराचा प्रत्यय जोडतात. पहिल्या नावाने प्रथम हाक मारली जाते, तेव्हा संबंध पार बदललेला असतो. कित्येक कथांत त्यासाठी एक सबंध प्रकरण खर्ची पडते. इंग्रजी अनुवादात ही खुमारी बहुतेक आटते, कारण त्या भाषेत तू आणि तुम्ही एकच. मराठीस काय कमी आहे? आमच्याकडे 'अहो'चे 'अरे' होताना घरातील भांडीही कान टवकारतात. पतीचे नाव तोंडाने न घेणाऱ्या पिढ्यांनी ते घेता यावे म्हणून उखाणा रचला आणि सर्व मांडवास साक्षी ठेवले. ज्या भाषेत नाव घेणे हा सोहळा आहे त्या भाषेने या कथा इंग्रजीच्या गाळणीतून घ्याव्यात, हे आम्हांस विपरीत वाटते. जपानी जाणणाऱ्या एखाद्या मराठी लेखकाने हे काम हाती घेतल्यास तो इंग्रजी अनुवादकास सहज मागे टाकील.

अशा अनुवादासाठी एकच कृती निवडावयाची असेल तर आम्ही रुमिको ताकाहाशी हिची 'मेझॉन इक्कोकु' निवडू. 1980 ते 1987 या काळात ती प्रौढांच्या एका नियतकालिकात निघाली व पुढे पंधरा भागांत प्रसिद्ध झाली. तिची नायिका क्योको एका जुनाट खाणावळवजा वाड्याची व्यवस्था पाहते. लग्नानंतर थोड्याच महिन्यांत तिचा पती वारला आहे. तिच्या कुत्र्यास पतीचेच नाव आहे. वाड्यातील गोदाई हा परीक्षेत नापास झालेला, रिकाम्या खिशाचा भाडेकरू तिच्यावर प्रेम करू लागतो. गैरसमजांची तर येथे लयलूट आहे. ऐकण्यात चूक, दारात भलताच माणूस, चुकलेली गाडी. गोदाईची दुसरीच एक मैत्रीण आहे असा समज वर्षानुवर्षे निस्तरत नाही. आम्ही चिडलो. मग हळूहळू उमगले, की क्योकोला हे गैरसमज हवेच आहेत. जोवर गोदाईवर रागावता येते तोवर स्वतःस विचारावे लागत नाही, की दुसऱ्यावर प्रेम करणे म्हणजे मृतास विसरणे आहे काय.

मराठी कादंबरी विधवेपासूनच सुरू झाली. बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' 1857 चे, म्हणजे पुनर्विवाहाचा कायदा झाल्याच्या दुसऱ्या वर्षीचे. हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षांत कोण घेतो' मधील यमूने आमच्या आज्यांस रडविले. त्या लेखकांचे ऋण मोठे आहे. त्यांच्यापुढे केशवपन होते, कोंडलेल्या खोल्या होत्या, आणि तेथे विनोदास जागा नव्हती. पण त्यामुळे आमच्या साहित्यात विधवा दीर्घकाळ एक प्रश्न म्हणून वावरली. क्योको हट्टी आहे, मत्सरी आहे, दारूच्या दोन घोटांत आरडाओरड करते, आणि प्रेमाच्या बाबतीत गोदाईइतकीच भित्री आहे. तिच्याकडे कोणी प्रश्न म्हणून पाहू लागला तर ती झाडू घेऊन अंगावर येईल.

शेवटी गोदाई तिच्या पतीच्या थडग्यापाशी एकटा जाऊन उभा राहतो. तिने तुला विसरावे अशी अपेक्षा तो करीत नाही. तू तिच्या मनाचा भाग आहेस, तेव्हा तुझ्यासह मी तिला घरी नेतो, अशा आशयाचे तो बोलतो. क्योको मागे उभी राहून ते ऐकत असते. चोरून ऐकण्याचे हे वळण पहिल्या भागापासून पन्नास वेळा येऊन गेले आहे आणि दर वेळी त्याने घोटाळाच केला आहे. येथे प्रथमच तिला बरोबर ऐकू येते.

हा भाग आम्ही रात्री वाचला. सकाळी मेहुण्यांनी निकाल विचारला. आम्ही पुस्तक त्यांच्या पुढ्यात ठेवले आणि पहिले दोन भाग पोरकट आहेत, ते सोसावे, एवढेच सांगितले. त्यांनी ते डावीकडून उघडले. भाचीने उठून त्यांच्या हातातील पुस्तक फिरवून दिले.