हलगर्जी की रचना? : अपघातविषयक दोन उपपत्ती आणि नगरची आग

६ नोव्हेंबर २०२१ रोजी, ऐन भाऊबीजेच्या दिवशी, अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथील जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागास आग लागली व त्या दिवशी ११ करोनाग्रस्त रुग्ण मृत्युमुखी पडले. त्याच वर्षी ९ जानेवारीस भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात १० नवजात बालके अशाच आगीत दगावली होती, आणि त्यानंतर राज्यातील रुग्णालयांच्या अग्निसुरक्षेची तपासणी करण्याचे आदेशही निघाले होते. नगरच्या घटनेनंतर अवघ्या काही दिवसांत एक वैद्यकीय अधिकारी व तीन परिचारिका यांना अटक झाली. परिचारिकांच्या संघटनांनी तिचा निषेध केला. कोण दोषी हे ठरविणे न्यायालयाचे काम होय. परंतु ‘हलगर्जीपणा’ या एका शब्दाने घटनेचा उलगडा होतो काय, हा प्रश्न शास्त्राच्या कक्षेत येतो.

‘चूक’ हे कृतीचे वर्णन आहे; ‘हलगर्जी’ हे मनाचे. पहिल्यावरून दुसरे अनुमानित करण्याची घाई आपल्या चौकशीच्या भाषेत मुरलेली दिसते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेचे बी-१७ विमान धावपट्टीवर उतरल्यावर काही वैमानिक पंखांच्या झडपा मिटविण्याऐवजी चाकेच आत घेत. मानसशास्त्रज्ञ अल्फोन्स चॅपनिस यांना आढळले, की दोन्ही कळी शेजारीशेजारी व दिसावयास सारख्याच होत्या. चाकांच्या कळीस चाकाचा व झडपेच्या कळीस पाचरीचा आकार देताच ही चूक थांबली. वैमानिक तेच राहिले, बदलली ती कळ.

चार्ल्स पेरो यांचा १९८४ मधील ग्रंथ यापुढे जातो. ज्या व्यवस्थेत घटकांची परस्परक्रिया गुंतागुंतीची व जोडणी घट्ट असते, तेथे अपघात हा अपवाद नसून व्यवस्थेचाच स्वभाव ठरतो, हे त्यांचे प्रतिपादन. १९७९ च्या थ्री माइल आयलंड येथील अणुभट्टीस ते चपखल लागू पडते. तेथील दिवा झडप मिटल्याचे नव्हे, तर मिटण्याचा आदेश गेल्याचे दर्शवीत होता. नगरला मात्र ही उपपत्ती अर्धीच लागू पडते. जोडणी घट्ट होती यात शंका नाही : श्वसनयंत्रावरील रुग्णास हलवावयाचे तर प्राणवायू सोबत न्यावा लागतो, हाताने श्वास द्यावा लागतो, आणि धुराने भरलेल्या खोलीत त्यासाठी मिळणारा वेळ मिनिटांत मोजावा लागतो. पण प्राणवायू व विद्युत्‌भार एकत्र आलेल्या खोलीस आग लागू शकते, यात अनपेक्षित असे काय आहे? भंडारा डोळ्यांपुढे असताना ‘अटळ’ हा शब्द वापरणे म्हणजे उपपत्तीच्या आडोशाने जबाबदारी टाळणे होय. पेरो यांनी स्वतःच साधा घटक-बिघाड व व्यवस्था-अपघात यांत भेद केला आहे. त्यांचे उत्साही अनुयायी तो विसरतात.

जेम्स रीझन यांची १९९० मधील मांडणी येथे अधिक उपयुक्त ठरते. प्रत्यक्ष क्षणी घडणारी चूक आणि वर्षानुवर्षे दडून राहिलेले सुप्त दोष, असा विभाग ते करतात. दुसऱ्या प्रकारात आराखडा, विजेची जोडणी, धोक्याची सूचना देणारी यंत्रणा, पाळीतील मनुष्यबळ, सराव हे सारे येते. आणि हे ठरविणारी माणसे आगीच्या वेळी खोलीत नसतात. तथापि या मांडणीतही एक खोट आहे. कारणांचा माग जितका वर न्यावा तितका दोष पसरत जातो आणि अखेरीस तो कोणाच्याच वाट्यास येत नाही. कायद्यास तर हाडामांसाचा मनुष्य हवा असतो. म्हणून वरचा दोष विरघळतो व खाटेशेजारी उभी असलेली व्यक्ती तेवढी हाती लागते.

यावर उपाय असा, की सुप्त दोषासही कर्ता व तारीख असावी : आराखडा कोणी मंजूर केला, तपासणीतील त्रुटी कोणास कळविली, ती दुरुस्त करण्याची मुदत कोणती होती. रात्रपाळीस एकटी असलेली परिचारिका अंधारात किती रुग्ण किती वेळात बाहेर काढू शकेल, याची प्रत्यक्ष चाचणी घेऊन तो आकडा विभागातील खाटांच्या संख्येशी ताडून पाहणेही तितकेच आवश्यक आहे.