श्रोत्याचा अभिप्राय आणि गेय संहिता

वाचककेंद्री समीक्षेची मराठीत जी चर्चा झाली, तिच्यात ‘वाचक’ हा शब्द जवळजवळ नेहमीच एकवचनी राहिला. इझरचा गर्भित वाचक असो की आपल्या काव्यशास्त्रातला सहृदय असो, तो एकटा असतो, शांत असतो आणि त्याच्यासमोर पूर्ण झालेली संहिता असते. कवी स्वतः उभा राहून आपली रचना गातो आहे आणि समोर हजारभर माणसे बसली आहेत, अशा प्रसंगी या सहृदयाचे काय होते, याचा विचार आपण फारसा केलेला नाही. तो प्रसंग आपण लोकसाहित्याच्या किंवा प्रयोगकलांच्या अभ्यासकांकडे सोपवतो आणि छापील संग्रहाकडे वळतो. प्रत्यक्ष मैफलीचे ध्वनिमुद्रण ही सोय नाकारते. तेथे श्रोता संहितेबाहेर ठेवता येत नाही. तो फितीवर उमटलेला असतो. त्याचे मत, मग ते टाळी असो, खोकला असो की शिवी, रचनेच्या दोन ओळींमध्ये येऊन बसते.

या दृष्टीने एक ध्वनिमुद्रण विशेष विचारार्ह आहे. बॉब डिलनने १७ मे १९६६ रोजी मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये केलेला कार्यक्रम कोलंबिया कंपनीने १९९८ साली दोन तबकड्यांत अधिकृतपणे प्रकाशित केला. तत्पूर्वी पाव शतकाहून अधिक काळ तो चोरट्या तबकड्यांतून हिंडत होता, आणि तोही लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमधला कार्यक्रम म्हणून. खरे ठिकाण ठाऊक असूनही प्रकाशकांनी शीर्षकात लंडनचे नाव अवतरणचिन्हांत कायम ठेवले, कारण ऐकणाऱ्यांत तेच रूढ झाले होते. लंडनचा खरा कार्यक्रम, २६ मे १९६६ चा, स्वतंत्रपणे बाहेर यायला २०१६ साल उजाडले. त्याच वर्षी डिलनला साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले आणि गाण्याचे शब्द साहित्य ठरतात काय, यावर बरेच लिहिले गेले. गंमत अशी की त्या वादात दोन्ही पक्षांनी कागदावरचे शब्दच पुढे केले. ऐकणारा दोघांनाही आठवला नाही.

कार्यक्रमाचे दोन भाग आहेत. पहिल्या भागात डिलन एकटा, साधी गिटार आणि तोंडाचा बाजा घेऊन सात गाणी म्हणतो. सभागृह देवळासारखे शांत आहे. गाणे संपेपर्यंत कोणी हलत नाही, संपल्यावर नेमस्त टाळ्या पडतात. दुसऱ्या भागात ‘हॉक्स’ हा वाद्यवृंद विजेच्या गिटारी, ऑर्गन आणि ड्रम घेऊन साथीला येतो आणि आठ गाणी होतात. इथपासून सभागृह बोलू लागते. दोन गाण्यांच्या मधल्या वेळात संथ, एका ठेक्यातल्या टाळ्या सुरू होतात. या टाळ्या कौतुकाच्या नाहीत, गायकाला बसवण्यासाठीच्या आहेत. डिलनही गप्प बसत नाही. एक जुने गाणे सुरू करण्यापूर्वी तो सांगतो की हे पूर्वी तसे होते, आता असे आहे. एकदा टाळ्यांचा गलका वाढल्यावर तो ध्वनिक्षेपकात अर्थहीन काहीतरी पुटपुटत राहतो. तो काय म्हणतो हे ऐकण्यासाठी लोक शांत होतात, आणि शांत झाल्यावर त्याचे एकच वाक्य स्पष्ट ऐकू येते, ते म्हणजे एवढ्या जोरात टाळ्या वाजवू नका अशी विनवणी. सभागृह हसते. मौखिक परंपरेतला कोणताही जाणता कीर्तनकार ही युक्ती ओळखील.

शेवटून दुसरे गाणे ‘बॅलड ऑफ अ थिन मॅन’ आहे. डोळ्यांसमोर काहीतरी घडते आहे आणि त्याचा अर्थ आपल्याला लागत नाही, अशा एका सुशिक्षित गृहस्थाचा त्यात पाणउतारा आहे. ते संपते आणि श्रोत्यांतून एक हाक येते: ‘जूडास!’ काही जण टाळ्या वाजवतात, काही हसतात. क्षणभराने डिलन उत्तर देतो की माझा तुझ्यावर विश्वास नाही, तू खोटारडा आहेस. मग साथीदारांकडे वळून मोठ्याने वाजवायला सांगतो, आणि ‘लाइक अ रोलिंग स्टोन’ सुरू होते. उत्तराचा पहिला भाग म्हणजे त्याच भागात त्याने आधी गायलेल्या एका गाण्याचे शीर्षक आहे. कवीने श्रोत्याला आपल्याच ओळीने उत्तर द्यावे, आणि ती ओळ त्या श्रोत्याने थोड्या वेळापूर्वीच ऐकलेली असावी, हे केवळ सभेतच घडू शकते. छापील संग्रहात ते गाणे आहे; हे उत्तर नाही.

या हाकेचे प्रचलित स्पष्टीकरण सर्वांना माहीत आहे. लोकगीतांच्या चळवळीतली ती तरुण मंडळी कर्मठ होती, विजेची गिटार त्यांना बाजारू वाटे, आणि प्रतिभावंत पुढे गेला तेव्हा ती मागे राहिली. न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात २५ जुलै १९६५ रोजी झालेला गोंधळ ही त्याची नांदी. याउसने १९६७ साली कॉन्स्टान्समध्ये दिलेल्या व्याख्यानातील अपेक्षाक्षितिजाची कल्पना येथे जणू मापून बसते: कृती आणि क्षितिज यांतील अंतर जेवढे मोठे, तेवढा आरंभीचा विरोध मोठा आणि तेवढीच कृतीची गुणवत्ताही मोठी. मला हे स्पष्टीकरण पुरेसे वाटत नाही. त्यात श्रोत्याचे मत ऐकले जात नाही, त्याचा केवळ लक्षण म्हणून उपयोग केला जातो.

त्या रात्री सभागृहात काय ऐकू येत होते, हा साधा प्रश्न आधी विचारला पाहिजे. ती हाक आपली होती असे पुढे दोघांनी सांगितले. त्यांतील एकाने आपला राग विजेच्या वाद्यांपेक्षा ध्वनियंत्रणेच्या निकृष्टपणावर होता असे स्पष्ट केले आहे. मँचेस्टरच्या त्या सभेला हजर असलेल्या सी. पी. ली यांनी १९९८ साली ‘लाइक द नाइट’ हे संपूर्ण पुस्तक या एका रात्रीवर लिहिले, त्यातही श्रोत्यांचे अनुभव एकसारखे नाहीत. १९६६ च्या सभागृहांतली ध्वनिक्षेपणाची साधने भाषण किंवा एकट्या गायकासाठी होती. ड्रम आणि विजेच्या गिटारी यांच्यावर गायकाचा शब्द उचलून धरण्याची त्यांची ताकद नव्हती. आपण मात्र तबकडीवर जे ऐकतो त्यात ध्वनिक्षेपकाजवळचा आवाज स्वच्छ टिपलेला आहे, वाद्ये आणि कंठ यांचा तोल नंतर साधलेला आहे. म्हणजे शब्द आपल्यापर्यंत पोचतात. मागच्या रांगेतल्या माणसापर्यंत ते पोचत नव्हते. ज्याला कवीचे शब्द ऐकायला मिळाले नाहीत त्याने शब्दांसाठी भांडावे, यात कर्मठपणा कोठे आहे? ज्या डिलनला त्यांनी शब्दांसाठी मानले, त्याचे शब्दच त्या रात्री गोंगाटात बुडत होते. ही तक्रार वाङ्मयीन आहे. नंतरच्या समीक्षेने स्वच्छ ध्वनिमुद्रणाच्या आधाराने अस्वच्छ ध्वनी ऐकणाऱ्यांची थट्टा केली.

यावरून अभिप्राय आणि ध्वनिमुद्रण यांच्या नात्याविषयी एक अडचणीची गोष्ट लक्षात येते. फितीवर श्रोता आहे खरा, पण ती फीत श्रोत्याच्या कानाने ऐकलेली नाही. त्याचा उद्गार आपल्याला मिळतो, त्या उद्गाराचे कारण मिळतेच असे नाही. तेव्हा श्रोत्याला संहितेत सामील करून घेणे एवढे पुरत नाही. त्याच्या श्रवणाची परिस्थितीही पुन्हा उभी करावी लागते.

मराठी वाचकाला यात अगदीच नवे काही वाटू नये. आपली एक थोर संहिता मुळात सभेतली आहे. ज्ञानेश्वरी सांगितली गेली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली, अशी तिची हकीकत आहे. शके १२१२ म्हणजे इ. स. १२९० हा तिचा काळ तिच्यातच नोंदलेला आहे. नवव्या अध्यायाच्या आरंभी श्रोत्यांकडे अवधान मागितले आहे. अन्यत्र निरूपण रंगून लांबले की निवृत्तिनाथ किंवा श्रोते ते आवरायला सांगतात आणि वक्ता लगेच मूळ पदावर येतो. श्रोत्याची अधीरता, त्याचे समाधान, त्याचा हट्ट हे सारे ओवीतच आहे. अर्थात ते ओवीत आहे म्हणजे कवीने रचलेले आहे. मँचेस्टरच्या फितीवरील हाक कोणी रचलेली नाही. तरीही श्रोत्याचे मत ग्रंथाचा भाग मानायला तेराव्या शतकाची हरकत नव्हती, ही गोष्ट विसाव्या शतकातल्या आपल्या समीक्षेने विसरावी हे नवलाचे आहे.

परभणीच्या परिसरात हा प्रश्न केवळ तात्त्विक राहत नाही. जनाबाई गंगाखेडच्या. तिचे अभंग नामदेवाच्या गाथेच्या आधाराने टिकले, आणि त्याहूनही अधिक जात्यावर आणि भजनात टिकले. कोणते चरण राहिले, कोणते गळाले, कोणते भलत्याच अभंगातून येऊन चिकटले, याचा निर्णय शतकानुशतके गाणाऱ्या-ऐकणाऱ्यांनी केला. पाठभेदांच्या चर्चेत आपण त्यांना ‘लेखकूंचा प्रमाद’ किंवा ‘मौखिक भ्रष्टता’ म्हणतो. त्यांतले काही पाठभेद हे श्रोत्यांचे मत असू शकते, हे गृहीत धरून एकदा गाथा वाचून पाहण्यासारखी आहे.

जवळच्या काळातले मोठे उदाहरण वामनदादा कर्डक यांचे. १९२२ साली सिन्नर तालुक्यातील देशवंडी येथे जन्मलेला आणि २००४ साली दिवंगत झालेला हा कवी खऱ्या अर्थाने गीतकार-गायक होता. स्वतः रचायचे, स्वतः गायचे, गावोगाव हिंडायचे. त्यांच्यामागे आंबेडकरी जलशांची परंपरा होती. जलशाचे मोल बाबासाहेबांनी आपल्या भाषणांहून कमी मानले नव्हते असे सांगितले जाते, आणि तोही एका श्रोत्याचाच अभिप्राय आहे. पण वामनदादांच्या गीतांचे मूल्यमापन ‘वाटचाल’, ‘मोहळ’ अशा संग्रहांवरून झाले. पानावर ती गीते ज्यांनी वाचली त्यांना पुनरुक्ती दिसली, प्रचार दिसला, चित्रपटगीतांच्या चाली दिसल्या. या शेवटच्या आक्षेपात तर मँचेस्टरच्या सभागृहाचाच सूर आहे. फरक एवढाच की तेथे तो श्रोत्यांनी लावला होता, येथे समीक्षकांनी. ऐकणाऱ्यांची त्या चालींना हरकत नव्हती. चाल आधीच कानात असल्याने दुसऱ्या कडव्यापर्यंत सारी वस्ती धृपद उचलू शके. नवी चाल शिकवत बसायला रात्र पुरली नसती. पुनरुक्तीचे कारणही तेच आहे. ओळ दुसऱ्यांदा आली ती ऐकणाऱ्याने मागितली म्हणून, आणि कधी मागे बसलेल्याला पहिल्यांदा ऐकू आली नाही म्हणून.

येथे एक आक्षेप घेता येईल, आणि तो बिनतोड आहे असे प्रथमदर्शनी वाटते. मँचेस्टरचा श्रोता विरोध करतो म्हणून त्याला मत आहे. जयंतीच्या रात्री जमलेली वस्ती आधीच सहमत असते. तिच्या टाळीत निवड नाही, मग अभिप्राय कोठून येणार? हा आक्षेप सभा न पाहिलेल्याचा आहे. गायनपार्टीच्या कार्यक्रमांत श्रोता उठून पुढे येतो, पेटीवर नोट ठेवतो, गायक कडवे थांबवून त्याचे नाव पुकारतो आणि मग पुढे जातो. नोट कोणत्या कडव्याला आली, कोणत्या ओळीला सभा नुसती ऐकत राहिली, कोठे बायकांच्या बाजूने आवाज आला, ही सारी निवडच आहे. ती पूर्णपणे निर्मळ असते असेही नाही. बक्षीस कधी गीताला असते, कधी स्वतःचे नाव ध्वनिक्षेपकावर यावे यासाठी असते. पुढारी उठला की मागोमाग चार जण उठतात. परंतु हा विवेक करायला समीक्षक हवा, आणि त्यासाठी त्याला फीत ऐकायला हवी. कॅसेटच्या काळात भीमगीतांची बहुतेक ध्वनिमुद्रणे स्टुडिओत झाली. तेथे गीत सलग आहे, साथ सफाईदार आहे आणि नावे पुकारली जात नाहीत. बाजाराने श्रोत्याला विकत घेणारा केले तेव्हा ऐकणारा म्हणून त्याला प्रथम वगळले.

अरुण कोलटकरांची गोष्ट या संदर्भात उलट्या टोकाची आहे. १९७०च्या दशकात त्यांनी इंग्रजीत गाण्यासाठी शब्द लिहिले, त्यामागे डिलनच्या पिढीचे संगीत होते. ते २००९ साली ‘द बोटराइड अँड अदर पोएम्स’मध्ये ग्रंथबद्ध झाले. त्या गाण्यांना सभा मिळाली नाही. म्हणून ती आज आपण कविता म्हणून वाचतो आणि काही तरी कमी पडते आहे असे वाटत राहते. कमी पडतो तो दुसऱ्या कोणाचा तरी आवाज.

इंद्रजित भालेरावांच्या बाबतीत अजून वेळ गेलेली नाही. ‘पीकपाणी’ (१९८९) आणि ‘आम्ही काबाडाचे धनी’ (१९९२) यांविषयी लिहिताना ग्रामीण जाणीव, बोलीचा वापर, लोकगीतांच्या लयी यांची चर्चा पुष्कळ झाली. हा कवी आपल्या कविता शेतकऱ्यांच्या आणि विद्यार्थ्यांच्या सभांत स्वतः गाऊन सादर करतो, याचा उल्लेख मात्र बहुधा लोकप्रियतेच्या खाती पडतो, जणू तो कवितेबाहेरचा गुण आहे. त्यांच्या कवितेला काही समीक्षकांनी सुबोधतेचा दोष लावला. सुबोधता कोणासाठी, हे त्यांनी विचारले नाही. ज्या सभेत कविता एकदाच, वाऱ्यावर, मागच्या पोराच्या रडण्यातून ऐकू येणार आहे, तेथे ओळ पहिल्या ऐकण्यात उमगली पाहिजे ही रचनेची अट आहे. पाने मागे उलटण्याची सवलत त्या श्रोत्याला नाही. अट पाळूनही ओळीत दुसऱ्या ऐकण्यासाठी काही उरते काय, हा खरा निकष. त्यांच्या सगळ्याच कविता त्याला उतरतात असे मी म्हणणार नाही. काही जागी धृपद एवढे जोरकस आहे की कडव्याला स्वतःचे काम उरत नाही, आणि तेथे सभेच्या टाळीने कवीची दिशाभूल केली असावी असा संशय येतो. हा संशय खरा की खोटा, हे छापील प्रतीवरून ठरवता येणार नाही. त्यासाठी एकाच कवितेची निरनिराळ्या गावांतली सादरीकरणे शेजारी ठेवून, टाळी कोठे पडली आणि पुढच्या वेळी कवीने ती जागा लांबवली की आवरली, हे ऐकावे लागेल.