निळी रेषा, तांबडी रेषा आणि नदी

ललित वाङ्मयाचे परीक्षण करणाऱ्याने सरकारी नियमांच्या पुस्तकास हात घालू नये, असा आपल्याकडे एक संकेत आहे. नियम पाळावयाचे असतात किंवा चुकवावयाचे असतात. त्यांतील शब्दांचा कीस काढणे हे वकिलाचे काम, टीकाकाराचे नव्हे, अशी समजूत त्याच्या मुळाशी असावी. परंतु ज्या लिखाणाच्या एकेका शब्दावर नदीकाठचे शेत राहावयाचे की तेथे इमारत उठावयाची हे ठरते, त्याचा अर्थ, त्याची दृष्टी आणि त्याचे मौन यांची तपासणी सुशिक्षित वाचकाने करावयाची नाही, तर कोणी करावयाची? म्हणून आज अशाच एका ग्रंथाचे परीक्षण करण्याचे योजिले आहे. ग्रंथाचे नाव ‘एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली’. डिसेंबर २०२० मध्ये ती अमलात आली आणि मुंबई शहर व इतर काही थोडे प्रदेश वगळता साऱ्या महाराष्ट्रास ती लागू आहे. या जाडजूड ग्रंथात पूररेषेच्या व नदीकाठाच्या वाट्यास जेमतेम काही परिच्छेद आले आहेत. आमचा विषय तेवढाच.

प्रथम ग्रंथाचे म्हणणे ग्रंथाच्याच दृष्टीने मांडणे न्यायाचे होईल. नदीच्या दोन्ही अंगांस जलसंपदा खात्याने दोन रेषा आखावयाच्या असतात. सामान्यतः पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर जेथवर पोहोचतो ती निळी. शंभर वर्षांतून एकदा येणारा महापूर जेथवर चढतो ती तांबडी. तीर आणि निळी रेषा यांमधील पट्टा बांधकामास निषिद्ध. तेथे बाग, मोकळे मैदान, उघडा भाजीबाजार, स्मशानभूमी, वाहनतळ, मैलापाणी शुद्ध करण्याचे केंद्र असले उपयोग तेवढे चालतील. निळ्या व तांबड्या रेषांमधील पट्ट्यात बांधकाम करता येईल. मात्र जोते तांबड्या रेषेच्या पातळीहून ०.४५ मीटर उंच पाहिजे. जेथे निळी रेषा आखलेलीच नाही, तेथे नदीपासून १५ मीटर व नाल्यापासून ९ मीटर अंतर सोडावे, म्हणजे झाले.

या नियमांमागे अनुभवाचे बळ नाही असे कोण म्हणेल? १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून पुण्यात मुठेने केलेला उत्पात, आणि २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडून मिठी नदीने मुंबईस दिलेला तडाखा, या गोष्टी महाराष्ट्र विसरू शकत नाही. पूर येतो तेथे घर बांधू नये, हे सांगणारा नियम असलाच पाहिजे. आमचा आक्षेप नियमाच्या अस्तित्वावर नाही. त्याने नदीकडे पाहण्याची जी एकच खिडकी उघडी ठेवली आहे, तिच्यावर आहे.

या परिच्छेदांत नदी येते ती केवळ संकट म्हणून. ती किती पाणी धरते, काठच्या विहिरींस काय देते, मळईवर कोणती पिके होतात, याविषयी तेथे अवाक्षर नाही. पुराच्या दिवशी पाणी कोठवर येईल, एवढाच प्रश्न. सारांश, या नियमाने नदीपासून घराचे रक्षण होते. घरापासून नदीचे रक्षण करावयाचे आहे, ही कल्पना त्यास शिवलेलीच नाही. बारमाही वाहणाऱ्या मोठ्या नदीच्या बाबतीत ही उणीव काहीशी झाकून जाते, कारण तिच्या धाकाने माणूस आपण होऊनच दूर राहतो. परंतु जी नदी आठ महिने कोरडी असते, तिचे काय?

जालना शहराचेच उदाहरण घेऊ. कुंडलिकेच्या एका तीरास जुना जालना आणि दुसऱ्या तीरास नवा जालना, अशी या शहराची घडण. ही नदी पुढे दुधनेस, दुधना पूर्णेस आणि पूर्णा गोदावरीस मिळते. पावसाळा सरला की शहरातील पात्रात वाहते ते बहुतांशी सांडपाणी. अशा नदीचा धाक कोणास वाटणार? कोरडे पात्र पाहता पाहता रिकामी जागा वाटू लागते, आणि रिकामी जागा दिसली की तिच्यावर आधी राडारोडा येतो, मग कुंपण येते, मग दुकान येते.

पूर्वीच्या लोकांनी मात्र या लहानशा नदीची किंमत ओळखली होती. शहराचा मोती तलाव जुना आहे. निजामाच्या अमदानीत वरच्या अंगास, घाणेवाडी येथे, कुंडलिकेवर तलाव बांधला गेला आणि त्याचे पाणी उताराने शहरात येऊ लागले. २०१२–१३ च्या दुष्काळात जालना जिल्हा होरपळून निघाला, तेव्हा त्याच घाणेवाडीच्या तलावातील गाळ नागरिकांनी लोकवर्गणीतून उपसला आणि शेतकऱ्यांनी तो शेतांत नेला. शहराची तहान भागविण्यास पुढे दूरच्या जायकवाडी जलाशयाचे पाणी नळाने आणावे लागले. आमच्या या भागात काळ्या पाषाणाच्या वर मुरमाचा आणि मातीचा जो पातळ थर आहे, त्यातच पाणी मुरावयाचे आणि विहिरींस मिळावयाचे. असा थर नदी-ओढ्यांच्या काठी अधिक सापडतो. जो जिल्हा परक्या जलाशयाच्या तोंडाकडे पाहतो, त्याने आपल्या नदीकाठची मुरणारी जमीन गच्च करून टाकावी, यापरता आत्मघात तो कोणता? उलटपक्षी २०२५ च्या सप्टेंबरात याच मराठवाड्यात अतिवृष्टी होऊन नद्यांना महापूर आले. अवर्षण आणि अतिवृष्टी यांच्या कचाट्यात सापडलेल्या मुलखास नदीकाठची मोकळी माती दोन्ही प्रसंगी हवी असते: एकदा पाणी साठविण्यास, एकदा पसरू देण्यास.

आता नियमाच्या शब्दांकडे पुन्हा वळू. निषिद्ध पट्ट्यात वाहनतळ चालतो. वाहनतळ म्हणजे बांधकाम नव्हे, हे खरे; पण तो फरसबंदी करू नये, असे त्या वाक्यात नाही. तेव्हा तीरापासून निळ्या रेषेपर्यंतची सारी जमीन सिमेंटाने मढवूनही नियमाचा भंग होत नाही! नियमाने भिंतीस मनाई केली. मातीने माती राहावे, असे मात्र म्हटले नाही. दुसरे असे की, एखाद्या भूखंडाचा काही भाग या पट्ट्यात गेला, तरी अटी पाळल्यास संपूर्ण भूखंडाचे चटईक्षेत्र गणून बांधकाम करता येते. जमीनमालकाचे नुकसान होऊ नये हा हेतू रास्त आहे. परंतु त्याच्या बदल्यात मोकळ्या पट्ट्याचे जतन करण्याचे बंधन त्याच्यावर घालणे अगत्याचे होते. तिसरे, १५ मीटर हे माप. शहागडची गोदावरी आणि जालन्याची कुंडलिका या दोघींस एकाच गजाने मोजणे हा मोजणाऱ्याचा आळस होय. आणि चौथे, पुराची रेषा पात्राच्या वहनशक्तीवर अवलंबून असल्यामुळे, पात्र खोल करून काठाशी भिंत घातली की रेषा आत सरकविता येते. म्हणजे नदी जितकी आवळावी, तितकी बांधकामास जागा अधिक.

नदीस दुसऱ्या दृष्टीने पाहण्याचा एक प्रयत्न या राज्यात झाला होता. २००० साली नद्यांच्या काठी कारखाने कोठवर यावेत, हे ठरविणारे नदी नियमन क्षेत्राचे धोरण निघाले. २००९ मध्ये ते सुधारले गेले आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये ते रद्द झाले. ते सर्वांगसुंदर होते असे नाही. सरसकट अंतरे सांगण्याचा दोष त्यातही होताच. तथापि, नदी ही बुडविणारीच नव्हे, तर बिघडू शकणारीही वस्तू आहे, हे त्यात मान्य केलेले होते. दोष काढून टाकण्याऐवजी धोरणच काढून टाकले गेले. मूळ कायद्याची गोष्टही उद्बोधक आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ याच्या कलम २२ मध्ये विकास आराखड्यात काय काय असावे याची यादी आहे. तीत पूरनियंत्रण आणि नदीच्या प्रदूषणास प्रतिबंध हे विषय आहेत, आणि त्यांच्याच शेजारी सखल, दलदलीच्या जागा भरून काढणे हाही विषय आहे! सखल जागा भरून टाकावयाच्या आणि मग पूर आवरावयाचा, ही दोन कामे एकाच यादीत गुण्यागोविंदाने नांदत आहेत.

एक आक्षेप मात्र आम्हांस गंभीर वाटतो. काठाचे रक्षण म्हणताच पहिला घाव झोपडीवर पडतो, बंगल्यावर नाही. गरीब माणूस नदीकाठी राहतो तो हौसेने नव्हे. शहराने त्याच्यासाठी दुसरी जागा ठेवलेलीच नसते. ज्या आराखड्यात त्याच्या घरासाठी जागा राखलेली नाही, त्याने नदीकाठ मोकळा करण्याची भाषा बोलू नये. दोन्ही गोष्टी एकाच नकाशावर दिसल्या पाहिजेत.

परदेशांकडे पाहिले तर हॉलंडसारखा बांधांच्या आधाराने जगणारा देशही १९९३ व १९९५ च्या पुरांनंतर बांध उंच करीत बसण्याऐवजी नदीस तिची जागा परत देण्याच्या योजनेकडे वळला. आम्हांस एवढी मोठी योजना नको. विकास आराखडा वीस वर्षांतून एकदा तरी सुधारावा, असे कायदा सांगतो; जालन्यास तर २०२३ पासून महानगरपालिका झाली आहे. आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की ठराविक मुदतीत कोणाही नागरिकास हरकत वा सूचना लेखी देता येते आणि तिची सुनावणी होते. त्या वेळी निळ्या व तांबड्या रेषांखेरीज एक तिसरी रेषा मागावी: पाणी मुरते कोठे, विहिरी कोणत्या काठावर जगतात, ओढे कोठून येऊन मिळतात, हे त्या त्या ठिकाणी पाहून आखलेली, आणि तिच्या आत माती उघडी राहील, असे स्पष्ट शब्दांत लिहिलेली.

हे लिहिताना एक कबुली देणे प्राप्त आहे. मागे अशा एका नकाशासमोर उभे राहण्याचा प्रसंग आला, तेव्हा मी प्रथम माझ्या घराच्या भूखंडाचा क्रमांक शोधला. तो निर्वेध दिसताच समाधानाने घरी आलो. त्या नकाशावर नदी कोठून जाते, हे मी पाहिलेच नाही. आमच्यासारख्या शिकलेल्या कुटुंबांचे वाचन बहुधा येथवरच येऊन थांबते. गावनकाशावर नदीस सर्व्हे नंबर नसतो आणि तिच्या वतीने हरकत घेणारा मालकही नसतो. पुढच्या वेळी नकाशा लागेल तेव्हा आपला क्रमांक पाहून झाल्यावर दहा मिनिटे अधिक थांबावे, कुंडलिकेची रेघ बोटाने शेवटपर्यंत चाचपावी, आणि जेथे ती बारीक केलेली दिसेल तेथे का, असे लेखी विचारावे.