हसा, पण डोळे उघडे ठेवून

नायपॉलची ‘अ हाऊस फॉर मिस्टर बिस्वास’ (१९६१) वाचून कुणी म्हणतं, तुलसींचं खटलं म्हणजे नुसती सोंगं, पोट धरून हसलो. कुणी म्हणतं, ४६व्या वर्षी गेला बिचारा, रडू आलं. दोन्ही खरं. पण त्रिनिदादला मजुरीला गेलेल्यांनी जातही बोटीतून नेली, हे कुणी बोलत नाही. पोरवयात बिस्वास मावशीकडं बामण म्हणून जेवतो, दक्षिणा घेतो. बाहेर पडला की पुन्हा मजुराचं पोर. तुलसीबाई जावई करते तीही जात बघूनच. स्वतःच्या छपरासाठी त्याची तडफड मला आपल्या वस्तीतली वाटली. पण ते जेवणाचं पान? आपल्याला तिथंही कुणी वाढलं नसतं. कादंबरी वाचाच, पण हे विसरू नका.