एका पावतीचं रसग्रहण

कवितेवर, कादंबरीवर, नाटकावर समीक्षा लिहिणारे पुष्कळ आहेत. पावतीवर मात्र कुणी चार ओळी लिहीत नाही. वास्तविक माझ्यासारख्या बँकेतल्या कारकुनानं जन्मात कवितांपेक्षा पावत्याच जास्त वाचलेल्या असतात, आणि दुर्बोधतेत त्या नवकवितेला हार जात नाहीत. तेव्हा आज एका पावतीचं रसग्रहण करायचं योजलं आहे.

कलाकृती आमच्या पुतण्याची. साताऱ्यात आमचे तात्या ज्या सोसायटीत राहतात, तिची वर्गणी घरबसल्या भरता यावी म्हणून त्यानं एक वेब ॲप्लिकेशन लिहून दिलं. ३१ मार्चला रात्री बारापर्यंत पैसे भरले तर ठीक, नंतर पन्नास रुपये दंड. तात्या म्हणजे रिटायर्ड हेडक्लार्क. ऐंशी उलटली तरी पहाटे चारला उठणार. १ एप्रिलला उठल्यावर त्यांना आठवलं, वर्गणी राहिली! साडेचारला मोबाइलवर पैसे भरले आणि पावती आली : "शुभ रात्री! आपली रक्कम ३१ मार्च रोजी रात्री ११ वाजता मिळाली."

दुसरा कुणी असता तर पन्नास रुपये वाचले म्हणून गप्प बसला असता. तात्यांनी सांगलीला मला फोन लावला. "अरे, अकराला मी झोपेत असतो! ही पावती खोटी आहे."

मागून काकूंचा आवाज आला, "मग अकराला जागून कुणाचे पैसे भरत होता?"

त्याच सोसायटीत तात्यांच्या मुलीचाही फ्लॅट आहे. ती असते न्यू जर्सीला. तिनं ३१ तारखेला तिच्या दुपारी चारला पैसे भरले. आपल्याकडे तेव्हा १ एप्रिलच्या रात्रीचा दीड वाजला होता. तिच्या पावतीवर रात्रीचे आठ! बाप म्हणतो, मला उशीर झाला. मुलगी म्हणते, मी वेळेत भरले. आणि पावती दोघांनाही ३१ मार्च दाखवून मोकळी.

आता समीक्षेकडे वळू. या पावतीतली वेळ कुणाची? ती यूटीसी, म्हणजे साऱ्या जगाच्या हिशेबासाठी ठरवलेली वेळ. सर्व्हर नावाचं यंत्र बहुधा तीच पाळतं, आणि आपण तिच्या साडेपाच तास पुढे असतो. कुणी म्हणेल, असेल लंडनची. पण मार्चच्या शेवटच्या रविवारी लंडनकरही आपली घड्याळं तासभर पुढे सारतात. म्हणजे पावतीवरची वेळ त्या दिवशी ना साताऱ्यात होती, ना न्यू जर्सीत, ना लंडनच्या भिंतीवर!

पुतण्या म्हणाला, "काका, समोरचा कुठं बसलाय हे सर्व्हरला काय कळणार?" हेही खरंच. ब्राउझर पान मागताना आपलं नाव सांगतो, कुठली भाषा चालेल ते सांगतो, पण आपल्याकडे किती वाजले हे काही सांगत नाही. मग सर्व्हर स्वतःच्याच मनगटाकडे बघून 'शुभ रात्री' म्हणतो.

पुतण्यानं आधी सरसकट साडेपाच तास मिळवले. तात्यांचं जमलं, मुलीला मात्र संध्याकाळी सातला 'शुभ प्रभात' व्हायला लागलं. मग इंटरनेटच्या पत्त्यावरून गाव ओळखायचं ठरलं, पण तो अंदाज, तो चुकतोही. शेवटी सरळ ब्राउझरलाच विचारायचं ठरलं. पानाबरोबर जावास्क्रिप्टची एक ओळ जाते आणि 'एशिया/कोलकाता' किंवा 'अमेरिका/न्यू यॉर्क' असं नाव घेऊन येते. ते कुकीत ठेवलं की पुढच्या खेपेला सर्व्हरच्या हाती. नुसता मिनिटांचा फरक मागितला, तर भारताबद्दल उत्तर येतं उणे ३३०. पुढे असणाऱ्याला उणे! आमच्या बँकेत कुणी असं जमेचं नावे टाकलं तर चार्जशीट मिळेल. शिवाय न्यू जर्सी आपल्या उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे, हिवाळ्यात साडेदहा. म्हणून नावच बरं.

पण माझा खरा आक्षेप पुढेच आहे. मुलीचं घड्याळ कळलं म्हणून मुदतही तिच्याच घड्याळानं मोजायची का? मग कुणीही मोबाइलमध्ये अमेरिका लावून दंड चुकवील. ग्राहकाच्या घड्याळावर बँकेचा काउंटर बंद होत नसतो. म्हणजे नोंद यूटीसीत ठेवावी, मुदत साताऱ्याच्या वेळेनं मोजावी, आणि नमस्कार-चमत्कार वाचणाऱ्याच्या घड्याळानं करावेत. आमच्या लेखकानं ही तिन्ही कामं एकाच घड्याळाला जुंपली.

हा घोळ काही आजचा नाही. १९०६ साली भारतीय प्रमाणवेळ आली, तरी मुंबईनं आपली ३९ मिनिटं मागची वेळ १९५५ पर्यंत सोडली नव्हती. साताऱ्याचा सूर्य तर आजही प्रमाणवेळेच्या सुमारे ३४ मिनिटं मागे आहे, सांगलीचा ३२. उन्हाच्या हिशेबानं माझ्यात नि तात्यांत दोन मिनिटांचं अंतर! तरी आमचं भांडण होत नाही, कारण एक वेळ ठरली आणि ती सगळ्यांना सांगितली गेली. सोसायटीच्या पानानं मुदत सांगितली, पण ती कुणाच्या वेळेनं हे सांगितलंच नव्हतं.

सुधारित आवृत्तीत आता मुलीला दिसतं : 'मुदत ३१ मार्च रात्री १२, भारतीय प्रमाणवेळ. आपल्या घड्याळानं दुपारी २.३०.' ती म्हणाली, "हे आधी लिहिलं असतंत तर जेवायच्या आधीच भरले असते की!" बरोबर होतं तिचं. चूक पानाची म्हणून सोसायटीनं तिचा दंड माफ केला.

तात्यांचाही माफ केला होता. पण तात्या ऐकतात होय! "मी साताऱ्यात बसलो होतो, मला बारा कधी वाजले ते ठाऊक होतं," म्हणत त्यांनी सेक्रेटरीपुढे पन्नास रुपये ठेवले आणि हातानं लिहिलेली पावती घेतली. तीत 'वर्गणी १ एप्रिलला पहाटे साडेचार वाजता जमा' असं लिहवून घेतलं.

मी फोनवर विचारलं, "काकूंना दाखवली का?"

"आधी तिलाच," तात्या म्हणाले.